अंगण ऋतूंना पारखे होऊ नये

घराला जशी ओसरी, तसे ओसरीला अंगण, ही आपल्याकडील घरांची जुनी रचना आहे. मध्यभागी तुळशीवृंदावन, एका अंगास विहीर, गडग्याला लागून जास्वंद, अबोली, मोगरा आणि अनंत. मागील दारी न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ व अळू, जवळच कढीलिंबाचे झाड. आणि त्यापलीकडे माड, पोफळ, आंबा व काजू. कोरगावच्या देऊळवाड्यावर जा, पेठेच्या वाड्यावर जा, की भालखाजनाकडे उतरा, थोड्याफार फरकाने हेच चित्र कालपरवापर्यंत दृष्टीस पडत असे.

आज ते सर्वत्र दिसत नाही. चिऱ्यांची जुनी घरे जाऊन त्यांच्या जागी नवी घरे उभी राहत आहेत. शेणाने सारवलेल्या अंगणावर सिमेंटच्या लाद्या बसत आहेत. गडग्यालगतची झाडे काढून तेथे रोपवाटिकेतून आणलेल्या कुंड्यांची ओळ मांडली जात आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून आपल्या पेडणे तालुक्यात जमिनीला मोल चढले आणि बांधकामाचा वेगही वाढला. नवे, सोयीचे घर कोणी बांधू नये असे मी म्हणणार नाही. पक्क्या घरात राहण्याचा आनंद प्रत्येकाला मिळावा. परंतु कुंडी विकत घेताना बहुतेकजण जो पहिला प्रश्न विचारतात, त्याविषयी मला दोन शब्द लिहावयाचे आहेत. तो प्रश्न असा, 'हे झाड बारमाही फुलते ना?'

वरवर पाहता हा प्रश्न अगदी निरुपद्रवी आहे. दारात सदैव फूल असावे असे कोणाला वाटणार नाही? तथापि माझे मत असे की, अंगण ऋतूंना पारखे होण्यास येथूनच आरंभ होतो. प्रत्येक अंगणात प्रत्येक ऋतूचे निदान एक तरी झाड असावे, ते आपल्या वेळेलाच फुलावे, आणि घरातील मुलांना ती वेळ ठाऊक असावी. ही गोष्ट क्षुल्लक नाही; तिच्यात आपल्या सणांचा, विहिरीच्या पाण्याचा आणि मुलांच्या शिक्षणाचा संबंध आहे.

प्रथम आपल्या अंगणाचे वर्ष कसे फिरते ते पाहू. पंचांगाचे वर्ष चैत्रात सुरू होते; परंतु अंगणाचे वर्ष मृगापासून धरावे हे अधिक योग्य. मे महिन्यात एखादा वळीव पडतो आणि वर्षभर मातीखाली निपचित पडलेल्या कांद्यातून लाल चेंडूसारखे फूल एकाएकी वर येते. त्याच्या आसपास एकही पान नसते. मे महिन्यातील हे फूल म्हणजे पावसाची पहिली वर्दी. मग मृगाच्या सरी येतात आणि अनंत पांढराशुभ्र फुलतो. पाठोपाठ जाई आणि जुई यांचा बहर येतो. आषाढाच्या झोडपणाऱ्या पावसात ओढ्याकाठी आणि खाजणाच्या बांधांवर केवड्याची कणसे दरवळू लागतात.

श्रावण आला की अंगण आणि देवघर यांचे नाते अधिक घट्ट होते. श्रावणातील रविवारी आपल्याकडील सुवासिनी आयतार पूजतात. त्या पूजेला पत्री लागते. ती गोळा करण्यासाठी मुले गडग्याकडेला आणि डोंगरउतारावर हिंडतात, आणि हिंडता हिंडता पाने ओळखावयास शिकतात. भाद्रपदात तेरडा फुलतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण अस्थिर वृत्तीच्या माणसाला लावतो. पण तेच तीन दिवस चतुर्थीचे असतात, हेही ध्यानात ठेवावे! त्याच सुमारास ओलसर कोपऱ्यात सोनटक्का उमलतो, आणि पारिजातकाखाली पहाटे केशरी देठांच्या फुलांचा सडा पडू लागतो.

आश्विनात दसऱ्याच्या तोरणाला गोंडे तयार असतात. मृगात टाकलेले बी बरोबर त्या दिवसासाठी फुलून यावे, हा गृहिणींचा हिशेब सहसा चुकत नाही. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळ्याची डहाळी आणि चिंच लागते, आणि तिन्ही गोष्टी त्या दिवसांत अंगणात वा शेजाऱ्याच्या परसात सापडतात. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत शेवंती फुलते, आंब्याला मोहर येतो, पाठोपाठ काजूही मोहरतो. शिमग्याकडे दिवस झुकू लागले की पांगारा आणि सावर पाने टाकून तांबड्या फुलांनी पेटतात. सुरंगीच्या तर फांद्यांना आणि जुन्या लाकडालाही कळ्यांचे झुबके लगडतात. त्या पहाटे उतरवून वळेसर ओवण्याची घाई सुरू होते. चैत्र-वैशाखात बहावा पिवळ्या घोसांनी लवतो, कुड्याची पांढरी फुले डोंगरउतारावर दिसतात, ओवळाची म्हणजे बकुळीची फुले झाडाखाली वेचावी लागतात, आणि संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत येतात. एवढ्यात पुन्हा वळीव पडतो आणि चक्र पूर्ण होते.

या फिरत्या वर्षाला अबोली आणि जास्वंद यांची जवळजवळ सदैव सोबत असते. अबोलीच्या फाती करून त्या केसांत माळण्याची आपली रीत जुनी आहे. तेव्हा बारमाही फुलणाऱ्या झाडांशी माझे वैर नाही. घरात नित्याचे जेवण असते, म्हणून सणाचे पक्वान्न कोणी वर्ज्य करीत नाही. तद्वत् अबोली असली म्हणून सोनटक्का नको, असे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता कोणी विचारील की, झाडाला आपली वेळ कळते कशी? त्याच्याजवळ ना घड्याळ, ना दिनदर्शिका. या प्रश्नाचे एक उत्तर १९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. तंबाखू आणि सोयाबीन यांच्या झाडांवर प्रयोग करून त्यांनी दाखविले की, अनेक वनस्पती दिवस आणि रात्र यांच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवितात. पुढील संशोधनात असे आढळून आले की, त्यांतही रात्रीच्या सलग काळोखाला विशेष महत्त्व आहे. आपली शेवंती याच जातीची. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्या धरते. व्यापारी बागाईतदार वर्षभर शेवंती विकतात, ते रात्री दिवे लावून वा दिवसा काळे कापड पांघरून तिला जणू फसवितात म्हणून. आंब्याची गोष्ट निराळी. त्याला मोहर धरण्यासाठी थंड रात्रींची चाहूल लागते. मातीतले कांदे आणि गड्डे ओलाव्याची वाट पाहतात. अंगणातील प्रत्येक झाड अशा रीतीने आकाश, हवा आणि माती यांचे निरीक्षण करीत असते. पाठ्यपुस्तकातील वनस्पतिशास्त्राचा धडा याहून स्पष्ट कोठे मिळेल?

स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५१ सालच्या आपल्या ग्रंथात फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती. कोणते फूल किती वाजता उमलते आणि केव्हा मिटते, हे पाहून वेळ सांगावी, अशी ती कल्पना. आपल्या दारची गुलबक्षी त्या घड्याळात सहज शोभेल, कारण ती दिवस कलताना उमलते. लिनियसचे घड्याळ तासांचे होते. आपले अंगण महिन्यांचे आहे. सर्वत्र एकच बारमाही झाड लावणे म्हणजे त्या घड्याळाचे काटे काढून ठेवणे होय.

या मतावर काही आक्षेप येतील. ते विचारात घेणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, 'हा परदेशी झाडांचा द्वेष आहे.' तसे मुळीच नाही. ज्या झेंडूवाचून आपला दसरा साजरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. देवळाच्या आवारातील चाफा मध्य अमेरिकेतून आला, गुलबक्षीही अमेरिकेतून आणि काजू ब्राझीलमधून. आपल्या शेजारच्या हरमलची मिरची आज नावाजलेली आहे, २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मिरचीचे मूळ कुळ अमेरिकेतलेच. पोर्तुगीज अमलात समुद्रमार्गे जी झाडे गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, त्यांतील अनेक येथे रुळली. याच मातीतील झाडांनी परक्यांनाही मोह घातला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पारिजातकाची हकीकत दिली आहे. रात्री फुलणाऱ्या आणि उजाडता फुले गाळणाऱ्या या झाडाला तो 'दुःखी वृक्ष' म्हणतो. तेव्हा झाड कोठून आले हा प्रश्न गौण आहे. ते आपल्या ऋतूत मिसळले की नाही, हा खरा प्रश्न. झेंडू आला आणि दसऱ्याचा झाला. उलट टणटणी आणि रानमोडीही अमेरिकेतूनच आल्या. पण त्यांनी डोंगरउतारावरील स्थानिक झुडपांची जागा बळकावली. पाहुणा घरच्या रीतीने राहिला तर तो घरचाच होतो, एवढे तारतम्य आपण राखावे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. 'आजकाल घरात माणसे थोडी, वेळ थोडा आणि पाणीही थोडे. कुंड्या आणि लाद्या सोयीच्या पडतात. चिखल होत नाही, पानगळ झाडावी लागत नाही.' घरातील आईने वा काकीने हा आक्षेप घेतला तर तो मी नम्रपणे ऐकून घेईन. कारण अंगण झाडण्याचे आणि सारवण्याचे कष्ट आजवर त्यांनीच केले आहेत. तथापि पाण्याचा हिशेब आपण सर्वांनी मिळून करून पाहावा. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मोकळ्या मातीच्या अंगणात आणि झाडांच्या मुळांशी यातील काही पाणी जिरते, जांभ्या दगडातून झिरपते आणि विहिरीला मिळते. लाद्यांच्या अंगणावरून ते गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीला जाते. मग मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला, तर दोष केवळ पावसाला कसा देता येईल?

शिवाय ऋतूप्रमाणे फुलणारी झाडे पाण्याच्या बाबतीत फार समजूतदार असतात. पाऊस सरला की सोनटक्का हळूहळू मान टाकतो आणि त्याचा गड्डा जमिनीत विसावतो. तेरडा बी टाकून मोकळा होतो. मे महिन्यातला कांदा उन्हाळाभर मातीखाली असतो. सुरंगी, बकुळ, बहावा यांची मुळे एकदा खोल गेली की त्यांना कळशीभर पाणीही घालावे लागत नाही. याउलट कुंडीतील बारमाही झाड ऐन वैशाखात रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. कमी कष्टात आणि कमी पाण्यात फुले हवी असतील, तर ऋतूंना धरून चालणे हाच काटकसरीचा मार्ग आहे. सगळे अंगण मातीचेच असावे असाही माझा हट्ट नाही. चालण्यावावरण्यापुरत्या लाद्या घालाव्यात. परंतु गडग्यालगतची दोन-तीन हात रुंदीची पट्टी आणि विहिरीभोवतालची जागा मोकळी ठेवावी. तेवढ्यातही सहा ऋतू सहज मावतात.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नाही, उदासीनतेची आहे. 'फुले बाजारात मिळतात, मग लावावयाची कशाला?' असे आपण सहज म्हणून जातो. चतुर्थीच्या आधी पेडण्याचा वा म्हापशाचा बाजार पाहावा. गणपतीवर बांधावयाच्या माटोळीचे सारे सामान तेथे विकावयास येते. नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, आंबाडे, तवशी, कांगले, पांढऱ्या पानांची शेरवड, आणखी कितीतरी रानफळे आणि रानफुले. माटोळी म्हणजे भाद्रपदातील आपल्या निसर्गाचे प्रदर्शनच. गोव्याबाहेरील लोक ती पाहून थक्क होतात. पण पूर्वी मुले वडीलधाऱ्यांबरोबर डोंगरावर जाऊन हे सामान आणीत, तेव्हा कोणते फळ कोठे पिकते आणि कोणती वेल मुळापासून उपटावयाची नसते, हेही शिकत. आता मागणी वाढली आहे आणि डोंगर तर कापले जात आहेत. पुढे माटोळीला रानातील फळ मिळेनासे झाले, तर कागदाची आणि प्लास्टिकची फळे बांधावी लागतील. काही ठिकाणी ती दिसूही लागली आहेत. आंबाड्याचे एक झाड, शेरवडीचे एक झुडूप आणि तवशीचा एक वेल प्रत्येक परसात लावला, तरी रानावरचा भार बराच हलका होईल.

फुलाची वेळ आणि समाजाचा उत्सव यांचे नाते किती जवळचे असते, याचे सुंदर उदाहरण म्हार्दोळच्या श्री महालसेच्या देवळात आढळते. तेथे पावसाळ्यात जायांची पूजा होते. जाईला भर येतो म्हणून ती पूजा त्या दिवसांत. जाई बारमाही असती, तर त्या पूजेला तो दिवस कशाला हवा होता? आणि आपल्या कोरगावचे ग्रामदैवत श्री कमळेश्वर. त्याच्या नावातच फूल आहे. अशा गावातील मुलांना फुलांचे महिने सांगता येऊ नयेत, हे शोभणारे नाही.

या ठिकाणी विद्यार्थिमित्रांना एक सूचना करावीशी वाटते. इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचे एक गृहस्थ राहत. आपल्या परिसरात वसंताची चिन्हे केव्हा दिसतात, याची नोंद त्यांनी १७३६ साली ठेवावयास प्रारंभ केला. पहिले फूल कधी उमलले, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडू लागले, अशा साध्याच नोंदी. त्यांच्या पश्चात मुलांनी आणि नातवंडांनी ते काम पुढे चालविले, आणि १९५८ पर्यंत ही परंपरा त्या कुटुंबात टिकली. हवामान कसे बदलत गेले हे अभ्यासणारे शास्त्रज्ञ आज त्या घरगुती नोंदींकडे मोठ्या आदराने पाहतात. जपानमधील क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून जुन्या कागदपत्रांत सापडतात. त्यांवरून असे दिसून आले की, २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा त्यापूर्वीच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकरचा होता. पृथ्वी तापत आहे हे वर्तमानपत्रात वाचणे वेगळे, आणि फुलांच्या तारखांवरून ते डोळ्यांनी पाहणे वेगळे. केरळमधील अनेक शाळांची मुले अशाच प्रकारे आपल्या परिसरातील झाडांच्या नोंदी नियमितपणे ठेवीत आहेत.

आपल्या गावात याविषयी कोणी बोलत नाही असे नाही. 'यंदा मोहर उशिरा आला', 'अवकाळी पावसाने मोहर काळा पडला', 'पूर्वी थंडी अशी नव्हती', ही वाक्ये प्रत्येक ओसरीवर ऐकू येतात. पण किती दिवस उशीर? मागल्या वर्षी कोणती तारीख होती? याचे उत्तर कोणाजवळ नसते, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नसते. हे काम करण्यास शाळकरी मुलांइतके योग्य कोणी नाही. त्यासाठी एक साधी वही पुरे. झाडाचे नाव, ते उभे असलेली जागा, पहिले फूल दिसल्याची तारीख, पूर्ण भर आल्याची तारीख, शेवटच्या फुलाची तारीख, आणि त्या आठवड्यात पाऊस, ऊन वा थंडी कशी होती, एवढे रकाने आखावेत. आरंभी पाचच झाडे निवडावीत, पण त्यांत खंड पडू देऊ नये. खाजणाकाठच्या घरातील नोंदी आणि डोंगरउतारावरील घरातील नोंदी ताडून पाहाव्यात. वर्षाअखेर त्या शाळेत एकत्र कराव्यात आणि या वार्षिकांकाची दोन पाने त्यांना द्यावीत. दहा वर्षांनी त्या पानांचे मोल आजच्या कित्येक निबंधांहून अधिक ठरेल.

आणि या वहीचे पहिले पान आजीला विचारून भरावे. सुरंगी केव्हा उतरवीत, कोणत्या पत्रीला काय म्हणतात, शेवंतीची लागण कोणत्या नक्षत्रात करावयाची, हे ज्ञान छापलेल्या पुस्तकांत फारसे नाही. ते घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. झाड तोडले तर दुसरे लावता येते. पण त्याचे नाव आणि त्याची वेळ विसरली गेली, तर ते झाड दारात उभे असूनही आपल्याला परके होते.

पालकांना माझी विनंती एवढीच की, घर नवे करा, पण गडग्यालगतची मातीची पट्टी राखा. रोपवाटिकेत गेल्यावर 'हे बारमाही आहे का?' असे विचारण्याऐवजी 'हे कोणत्या महिन्यात फुलते?' असे विचारा, आणि ज्या महिन्यात आपले अंगण रिकामे असते त्या महिन्याचे झाड घरी आणा. काही महिने एखादी जागा हिरवी किंवा उघडी राहिली, तर त्यात उणेपणा मानू नका. पुढचे फूल तेथे मातीखाली तयार होत असते. आणि मुलांनो, येत्या मृगाला आपापली वही उघडा. पहिला पाऊस पडेल त्या दिवशी अनंताकडे पाहा, आणि तारीख लिहावयास विसरू नका.